दिवसाला एक मिलिमीटर : तुटलेला मज्जातंतू आणि विजेचे साहाय्य

गेल्या वर्षीचा माजी विद्यार्थी मेळावा आटोपला होता. मंडपातील खुर्च्या आवरण्याचे काम चालू असताना एक जुना विद्यार्थी माझ्या शेजारी येऊन बसला. बोलता बोलता त्याने डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळलेले होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले मांस झिजून तेथे खळगा पडला होता. तो हात मी वीस वर्षांपूर्वी पाहिला होता.

तेव्हा तो नववीत होता. दिवाळीच्या सुट्टीत तो आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेला. डाव्या हाताने ऊस धरायचा आणि उजव्या हातातल्या कोयत्याने बुडाशी घाव घालायचा, ही रीत आपल्या जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. एक घाव चुकला आणि कोयता डाव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला बसला. जवळच्या एका दवाखान्यात टाके घातले गेले, पट्टी झाली. महिन्याभराने तो वसतिगृहात परतला तेव्हा जखम पूर्ण भरली होती. त्याने मला हात दाखवला आणि म्हणाला, "सर, ही दोन बोटं माझी नाहीतच असं वाटतं." मी म्हणालो, "जखम भरली ना? मग येईल हळूहळू ताकद. अभ्यासाला लाग." तो अभ्यासाला लागला. ताकद मात्र आली नाही.

मेळाव्याच्या दिवशी त्याने विचारले, "सर, तेव्हा काही करता आलं असतं का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक आहे, शरीरशास्त्राचा नव्हे. तरीही तो प्रश्न मला सोडेना. आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी आज भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे काम करते. तिच्याकडून मी समजून घेतले, मिळाले ते वाचले, आणि जे कळले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मज्जातंतू म्हणजे काय?

बोलीत आपण 'नस' हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. या दोन गोष्टी अगदी भिन्न आहेत. रक्तवाहिनी तुटली की रक्त उसळते आणि सर्वांची धावपळ होते. मज्जातंतू तुटला की रक्त येत नाही. तो शांतपणे तुटतो, आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो.

मज्जातंतू, ज्याला शालेय पुस्तकात चेता म्हणतात, ही एक दोरी आहे असे समजावे. तिच्यात हजारो सूक्ष्म धागे असतात. काही धागे मेंदूकडून आणि मणक्यातील मज्जारज्जूकडून स्नायूंना आज्ञा पोहोचवतात, काही बोटांच्या टोकांकडून स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची बातमी वर नेतात. प्रत्येक धागा हा एका पेशीचाच लांबलेला भाग असतो. हाताच्या स्नायूंना आज्ञा देणारी पेशी मानेच्या मज्जारज्जूत असते आणि तिचा एकच धागा तेथून थेट तळहातापर्यंत गेलेला असतो. या धाग्यांतून जाणारा संदेश विजेच्या स्वरूपाचा असतो. विजेने मज्जातंतूवर उपचार करण्याची कल्पना माणसाला सुचली ती यामुळेच.

हाताला मुख्यतः तीन मज्जातंतू जातात. त्यांतला एक कोपराच्या आतल्या बाजूने खाली येतो. कोपर कशावर आपटले की झिणझिणी करंगळीपर्यंत जाते, ती याच मज्जातंतूमुळे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे असते. बोटे फाकवणारे, जुळवणारे आणि चिमूट घट्ट करणारे बहुतेक लहान स्नायूही त्याच्याच ताब्यात असतात. मनगटाशी तो कातडीच्या फारसा खोल नसतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मनगटावरचा कोयता नेमका त्याच्यावर बसला होता.

तुटल्यावर काय घडते?

१८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज संशोधकाने बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून पाहिले. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, म्हणजे पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांत विघटित होतो, असे त्याला आढळले. आजही या क्रियेला त्याचेच नाव आहे. पण अलीकडचा भाग, ज्याची पेशी शाबूत असते, तो मरत नाही. त्याच्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि तो पुढे वाढू लागतो. पलीकडच्या भागातील जुने धागे गेले, तरी त्यांच्या पोकळ नळ्या आणि त्या नळ्यांतील आधारपेशी शिल्लक असतात. श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून त्यांना श्वान पेशी म्हणतात. या पेशी वाढीला पोषक द्रव्ये तयार करतात आणि कोंबाला वाट दाखवतात.

या वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन सेंटिमीटर असतो. आता हिशेब करून पाहावा. मनगटाशी तुटलेल्या मज्जातंतूला तळहातातील स्नायूंपर्यंत जाण्यास तीन-चार महिने लागतील. कोपराशी तुटला तर जवळजवळ वर्ष. काखेजवळ तुटला तर दोन वर्षे.

इकडे मज्जातंतूविना पडलेला स्नायू मात्र अनिश्चित काळ वाट पाहत नाही. तो झिजत जातो. साधारण वर्ष ते दीड वर्षानंतर आज्ञा स्वीकारण्याची त्याची क्षमता नष्ट होऊ लागते, आणि त्यानंतर मज्जातंतू पोहोचला तरी स्नायू हलत नाही. स्पर्शाची जाणीव त्या मानाने उशिराही परत येऊ शकते. म्हणजे ही शर्यत आहे : एका बाजूला दिवसाला एक मिलिमीटर चालणारा धागा, दुसऱ्या बाजूला झिजत जाणारा स्नायू.

दुसरी अडचण दिशेची आहे. मज्जातंतूची दोन टोके एकमेकांपासून दूर सरकलेली असतील तर कोंबाला पलीकडची नळी सापडत नाही. तो तेथेच भरकटतो आणि गाठ बनते. त्या गाठीला धक्का लागला की असह्य कळ येते. म्हणून दोन्ही टोके सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने जुळवावी लागतात. अंतर जास्त असेल तर पायाच्या मागच्या भागातील एक संवेदनेचा मज्जातंतू काढून तो मध्ये जोडतात. ही शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी चांगली. वरची कातडी शिवली म्हणजे आतला मज्जातंतू शिवला गेला असे होत नाही. वीस वर्षांपूर्वी हे मला ठाऊक नव्हते.

विजेचा इतिहास : बेडूक, युद्ध आणि भोंदूगिरी

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने झटका देतो हे पाहिले आणि १७९१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्याशी वाद घालताना व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युतघटमाला बनवली. म्हणजे आपल्या हातातील विजेरीच्या सेलचे मूळही एका बेडकाच्या पायापर्यंत जाते. पुढे १८५५ साली फ्रान्समधील द्युशेन या वैद्याने शरीराच्या नेमक्या जागी वीज देऊन स्नायूंची तपासणी आणि उपचार कसा करावा यावर ग्रंथ लिहिला.

याच काळात दुसरा प्रवाहही सुरू झाला. युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे आणि विजेच्या पेट्या सर्व रोगांवरचा रामबाण म्हणून विकल्या जाऊ लागल्या. खरे विज्ञान आणि त्याच्या नावावर चालणारी भोंदूगिरी यांचा जन्म अनेकदा एकाच घरात होतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. आजही बाजारात आणि यात्रेत 'करंटच्या' मशीनने लकवा, मधुमेह, गुडघेदुखी सारेच बरे करण्याची हमी देणारे भेटतात.

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) आपण गुलामगिरीच्या अंतासाठी शिकवतो. त्याच युद्धाने वैद्यकाला मज्जातंतूंविषयी पुष्कळ शिकवले. बंदुकीच्या गोळ्यांनी हजारो सैनिकांचे हातपाय गेले. फिलाडेल्फिया येथे सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने अशा जखमींचा बारकाईने अभ्यास केला. कापून टाकलेला पाय अजून आहे, त्याची बोटे दुखतात, असे अनेकजण सांगत. या अनुभवाला मिचेलने १८७१ साली 'भासमान अवयव' अशा अर्थाचे नाव दिले. हे वेड नाही, मज्जातंतूंचेच कार्य आहे, हे त्यामुळे मान्य होऊ लागले. आपल्याकडे अशा माणसाला आजही 'बाहेरचे लागले' असे म्हणणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

एक तासाचा प्रयोग

आता मूळ विषयाकडे येतो. तुटलेला मज्जातंतू जुळवल्यावर त्याला वीज दिली तर तो लवकर वाढेल का?

या प्रश्नावर सर्वांत चिकाटीने काम झाले ते कॅनडातील एडमंटन येथे. टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीतील मज्जातंतू कापून जुळवल्यावर लगेच, जोडाच्या वरच्या बाजूला, सेकंदाला वीस वेळा असे सौम्य विजेचे ठोके देण्यात आले. सर्व धाग्यांना ठरावीक अंतर ओलांडण्यास एरवी आठ-दहा आठवडे लागत. वीज दिल्यावर तेच काम तीन आठवड्यांत झाले. आश्चर्याची गोष्ट अशी की दोन आठवडे सतत वीज दिली काय किंवा केवळ एक तास दिली काय, परिणाम सारखाच मिळाला.

वीज धाग्याचा वेग वाढवते असा याचा अर्थ कोणी घेईल. तसे नाही. वेग तोच राहतो, दिवसाला एक मिलिमीटर. बदलतो तो प्रस्थानाचा दिवस. कापलेल्या जागी धागे एकाच वेळी पलीकडे जात नाहीत. काही पहिल्याच आठवड्यात ओलांडतात, काही महिनाभर तेथेच घुटमळतात. आपल्याला परिचित उदाहरण द्यायचे तर ऊसतोड टोळीचे देता येईल. दोन कोयते आज निघाले, चार पुढच्या आठवड्यात, उरलेले पंधरा दिवसांनी, अशी टोळी निघाली तर फड सुरू होण्यास महिना जातो. मुकादमाने एका दिवशी सगळ्यांना एकत्र काढले, तर गाडीचा वेग तोच असूनही टोळी एकदम फडावर पोहोचते. विजेचा तो एक तास असे एकत्र प्रस्थान घडवतो.

हे कसे घडते, याचाही शोध लागला आहे. विजेचा ठोका धाग्यातून उलट, पेशीच्या केंद्राकडे जातो. त्यामुळे पेशीत वाढीला चालना देणारी द्रव्ये अधिक प्रमाणात आणि लवकर तयार होतात. तो ठोका पेशीपर्यंत पोहोचू दिला नाही तर परिणामही दिसत नाही. म्हणजे वीज जखमेला नव्हे, तर दूर मज्जारज्जूत बसलेल्या पेशीला जागे करते.

उंदराचा पाय आणि माणसाचा हात यांत अंतर आहे. म्हणून पुढे माणसांवर चाचण्या झाल्या. मनगटाशी मज्जातंतू दबला गेलेल्या रुग्णांवरील चाचणी २०१० साली, बोटाचा मज्जातंतू पूर्ण तुटलेल्यांवरील चाचणी २०१५ साली आणि कोपराशी मज्जातंतू दबलेल्यांवरील चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिन्हींमध्ये शस्त्रक्रियेनंतर एक तास वीज दिलेल्या रुग्णांचा लाभ इतरांपेक्षा अधिक दिसला. कोठे संवेदना अधिक चांगली परतली, कोठे मूठ आणि चिमूट यांची ताकद वाढली. या चाचण्यांतील रुग्णांची संख्या लहान होती. म्हणून हा उपचार अद्याप गावोगावच्या रुग्णालयांत नित्याचा झालेला नाही. आशा बाळगण्यास आधार आहे, हमी देण्यास नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

दवाखान्यातील 'करंट' म्हणजे काय?

आपल्याकडे भौतिकोपचार केंद्रात हाताला ओलसर पट्ट्या लावून जो विजेचा शेक देतात, तो वरच्या प्रयोगापेक्षा वेगळा आहे. तेथे वीज कातडीवरून स्नायूला देतात. मज्जातंतू शाबूत असेल तर अगदी अल्पकाळाचे, वेगाने येणारे ठोके पुरतात. मज्जातंतू तुटला असेल तर स्नायू त्या ठोक्यांना दाद देत नाही, त्याला दीर्घ आणि संथ ठोके लागतात. स्नायू कोणत्या ठोक्याला दाद देतो यावरून मज्जातंतूची अवस्था ओळखण्याची रीत जुनी आहे. दीर्घ ठोके देऊन स्नायू झिजण्यापासून कितपत वाचवता येतो, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. तुटलेला मज्जातंतू अशा शेकाने जुळत नाही, याविषयी मात्र मतभेद नाही. महिनोन्महिने शेक घेत राहणे आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाणे, ही आपल्याकडील मोठी हानी आहे.

पक्षाघाताची गोष्ट निराळी. तेथे बिघाड मेंदूत असतो. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतचा मज्जातंतू शाबूत असतो, म्हणून विजेचा ठोका दिला की स्नायू हलतो. चालताना पाऊल लोंबत राहणाऱ्या रुग्णासाठी नेमक्या वेळी ठोका देऊन पाऊल उचलणारे उपकरण अमेरिकेत १९६१ सालीच वर्णन केले गेले होते. म्हणून 'अमक्याला करंटने फरक पडला' हे ऐकून आपणही तेच करावे असे नाही. आधी बिघाड कोठे आहे हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

अवयवच गेला तर?

आपल्या जिल्ह्यात कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि रसवंतीचा चरक यांत हात जाण्याच्या घटना नव्या नाहीत. हात गेल्यावरही त्याचे मज्जातंतू उरलेल्या भागात जिवंत असतात आणि 'मूठ मीट', 'बोट उघड' अशा आज्ञा आणत राहतात. त्या आज्ञा ऐकणारे कोणी नसते, एवढेच.

अमेरिकेत शिकागो येथे टॉड कुइकेन आणि ग्रेगरी डुमानियन या डॉक्टरांनी यावर एक युक्ती केली. जेसी सलिव्हन हा विजेच्या तारांवर काम करणारा कामगार. २००१ साली विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. डॉक्टरांनी त्याच्या हाताचे उरलेले मज्जातंतू छातीच्या स्नायूंना जोडले. मज्जातंतू तेथे रुजले. नंतर त्याने मूठ मिटण्याचा विचार केला की छातीचा स्नायू आकुंचन पावे, तेथील सूक्ष्म वीज यंत्र टिपे आणि कृत्रिम हात मिटे. विजेने ज्याचे हात नेले, त्याच्याच शरीरातील विजेने यंत्राचा हात चालू लागला. पुढे २०१४ साली इटलीत आणि अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे उलट दिशेचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कृत्रिम बोटांवरचा दाब विजेच्या ठोक्यांत रूपांतरित करून मज्जातंतूला दिला गेला, आणि रुग्णांना गेलेल्या हातात स्पर्श जाणवला.

महाराष्ट्रातही मज्जातंतूच्या वाढीची कसोटी पाहणारी घटना घडली आहे. लोकल गाडीच्या अपघातात २०१४ साली दोन्ही हात गमावलेल्या मुंबईच्या एका तरुणीला ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई आणि सहकाऱ्यांनी चेन्नईहून आणलेले, मृत्यूनंतर दान केलेले हात जोडले. अशा हाताच्या रक्तवाहिन्या त्याच दिवशी वाहू लागतात. बोटे हलण्यासाठी मात्र रुग्णाचे स्वतःचे मज्जातंतू नव्या हातात वाढत जावे लागतात, दिवसाला एक मिलिमीटर. तोवर रोजचा व्यायाम आणि भौतिकोपचार हीच साधना.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, आपल्या आवाक्यातले काय? ते सांगितले पाहिजे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था आहे. आपल्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात जयपूर फूट आणि कॅलिपर बनवण्याची कार्यशाळा चालत आली आहे. जयपूर फूट हा १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या सहकार्यातून घडला. डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते योग्यच झाले. पण फारसे शालेय शिक्षण नसलेल्या त्या कारागिराच्या हातांनी रबराला पावलाचा आकार दिला, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. या पावलात विजेचा अंशही नाही. अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते आणि शेतात उतरता येते.

भासमान अवयवाच्या वेदनेवर कातडीवरून सौम्य वीज देणारे लहान यंत्र काहींना आराम देते. त्याहून स्वस्त उपाय आरशाचा आहे. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात तो पुढे आणला. शाबूत हात आरशापुढे असा हलवायचा की गेलेला हातच हलतो आहे असे दिसावे. अनेकांच्या वेदना त्यामुळे कमी होतात.

बाबासाहेबांचे दुखणे

मज्जातंतूचे दुखणे केवळ घावाने होते असे नाही. राज्यघटनेचा मसुदा तयार होण्याच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने त्रस्त होते. त्यांना झोप लागत नसे आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदनेने ते बेजार असत. उपचारासाठी ते मुंबईस आले, तेथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. घटनेतील कलमे आपण पाठ करतो. ती घडवणाऱ्या माणसाच्या पायांत त्या दिवसांत काय चालले होते, हे आपण क्वचितच ध्यानात घेतो.

आणखी एक गोष्ट. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. देशात स्वस्त वीज सर्वत्र पोहोचावी यासाठी त्यांनी धोरण आखले. विज्ञानाचे फळ श्रमणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत गेले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. तोच निकष या नव्या उपचारालाही लावावा लागेल. एडमंटनच्या रुग्णालयातील तो एक तास फडावरच्या मुलापर्यंत कधी पोहोचेल, हा प्रश्न विचारणे हे आपलेच काम आहे.

आपण लक्षात काय ठेवावे?

१. मनगट, कोपर, दंड किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस खोल जखम झाली की टाके घालण्यापूर्वीच तपासावे. डोळे मिटायला सांगून करंगळीचे, तर्जनीचे टोक आणि अंगठ्यामागची कातडी हलकेच स्पर्शून पाहावी. बोटे फाकवता येतात का, दोन बोटांत कागद धरता येतो का, मनगट आणि पाऊल वर उचलता येते का, हे पाहावे. काही बधिर वा निर्जीव वाटले तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे, "मज्जातंतू तुटला आहे का?"

२. तसे असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर जावे. हंगाम संपण्याची वाट पाहू नये. उचल फिटेल, पण स्नायूला दिलेली वर्षाची मुदत वाढवून मिळत नाही.

३. बोट किंवा हात तुटून वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. अवयव थेट बर्फात वा पाण्यात ठेवू नये. हाताचा मोठा भाग असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. रक्त थांबवण्यासाठी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद, माती, तंबाखू भरू नये.

४. बधिर बोटे रोज पाहावीत. त्यांना चटका किंवा काटा कळत नाही. चूल, चहाची किटली आणि विडी यांपासून ती जपावीत. सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने ती दिवसातून अनेक वेळा हलवावीत.

५. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागा आहेत. प्रमाणपत्र काढण्यात संकोच नसावा. ती दया नव्हे, तो हक्क आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर

"सर, तेव्हा काही करता आलं असतं का?" होय, आले असते. त्या महिन्यात मी त्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो असतो, तर मज्जातंतू जुळवण्याची वेळ हातात होती. मनगटापासून तळहातापर्यंतचे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास. वार्षिक परीक्षेपर्यंत बोटांत काही हालचाल परतली असती. विजेचा प्रयोग तेव्हा माणसांपर्यंत पोहोचला नव्हता, पण सूक्ष्मदर्शक आणि सुई होती. नव्हते ते माझे ज्ञान.

हे उत्तर मी त्याला फोनवर दिले. तो काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, तुम्ही डॉक्टर थोडेच होता." मी त्याला पुढचेही सांगितले. मज्जातंतूची वेळ गेली असली तरी आत वळलेली बोटे सरळ करण्याचा एक मार्ग वर्षानुवर्षांनंतरही उरतो. कुष्ठरोगाने मज्जातंतू निकामी होऊन ज्यांची बोटे अशीच वळली, त्यांच्यासाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी, आणि पुढे मुंबईत डॉ. नोशीर अँटिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. चांगल्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, वळवून निकामी बोटाला जोडतात आणि बोट पुन्हा उघडू लागते. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवले होते, त्यांच्या हातांवर हे ज्ञान घडले. आज ते आपल्या मुलाच्या कामी येऊ शकते.

तो पुढील महिन्यात तपासणीसाठी जाणार आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्याचे तो ठरवील. मी या वेळी त्याच्याबरोबर जाणार आहे.